बेल्ट परीक्षेला बसवावे की थांबवावे : चोपड्यातील एका तायक्वांदो विद्यार्थिनीचे प्रकरण

चोपडा शहरातील एका तायक्वांदो वर्गात शिकणारी 13 वर्षांची विद्यार्थिनी ग्रीन वन बेल्टवरून ब्लू बेल्टच्या परीक्षेला बसणार होती. परीक्षेला सहा आठवडे उरले असताना तिला बसवावे की पुढच्या खेपेपर्यंत थांबवावे, असा प्रश्न प्रशिक्षकांपुढे उभा राहिला. हा प्रश्न कोणाच्याच अपेक्षेत नव्हता, कारण वर्गातील कोणालाही विचारले असते तर परीक्षेच्या यादीत तिचे नाव सर्वांत आधी लिहा, असेच उत्तर मिळाले असते. तिची हजेरी उत्तम होती, लाथांना वेग आणि उंची दोन्ही होती, आणि त्याच शैक्षणिक वर्षात झालेल्या जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत 14 वर्षांखालील मुलींमध्ये आपल्या वजनगटात ती पहिली आली होती.

हा वर्ग ज्या शाळेच्या मैदानावर भरतो, तेथे मी शारीरिक शिक्षण शिकवतो. तायक्वांदो मी थोडेच शिकलो आहे. माझा अधिक काळ कबड्डी आणि मैदानी खेळांत गेला. तरीही प्रशिक्षकांनी मला त्रयस्थ म्हणून पाहायला बोलावले आणि तेव्हापासून निकाल लागेपर्यंतची तयारी मला जवळून पाहता आली. मुलीचे, तिच्या पालकांचे आणि प्रशिक्षकांचे नाव, तसेच तिचे गाव, येथे मुद्दाम दिलेले नाही.

परीक्षेचे स्वरूप

रंगीत बेल्टची परीक्षा सर्वत्र एकाच साच्यातली नसते. सोलमधील कुक्कीवॉन ही 1972 साली उभी राहिलेली संस्था ब्लॅक बेल्टच्या दान श्रेणीची आणि 15 वर्षांखालील मुलांसाठीच्या पूम श्रेणीची प्रमाणपत्रे देते. त्याखालच्या गुप श्रेणी, म्हणजेच आपले रंगीत बेल्ट, बहुतांशी त्या त्या प्रशिक्षकाच्या आणि संघटनेच्या हाती राहतात. त्यामुळे ग्रीननंतर थेट ब्लू की मध्ये आणखी एक पायरी, ब्लूसाठी कोणता पुमसे, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायचा हालचालींचा संच, फळी फोडून दाखवायची की नाही, या प्रश्नांची उत्तरे वर्गागणिक बदलू शकतात. या वर्गात व्हाइट, यलो, ग्रीन, ग्रीन वन, ब्लू, ब्लू वन, रेड, रेड वन आणि मग ब्लॅक असा क्रम आहे. ब्लूसाठी तेगुक मालिकेतील चौथा पुमसे, तेगुक सा जांग, हा मुख्य मानला जातो. त्याखेरीज मूळ लाथा आणि बचाव, एका ठरलेल्या हल्ल्याला ठरलेले उत्तर देण्याची जोडीची कवायत, क्योरुगी म्हणजे प्रत्यक्ष लढत, शारीरिक क्षमता आणि थोडी तोंडी परीक्षा असते. परीक्षक आधीच्या बेल्टचा कोणताही पुमसे विचारू शकतात, ही अट परीक्षेच्या सूचनापत्रात अगदी शेवटच्या ओळीत छापलेली होती.

पालकांच्या मनात मात्र परीक्षा आणि स्पर्धा यांची नेहमीच गल्लत होते. तायक्वांदो हा 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकांचा खेळ आहे आणि ऑलिंपिकमध्ये केवळ क्योरुगी होते. शालेय स्पर्धेत टाळ्या मिळतात त्याही लढतीलाच. धडावर बसलेल्या लाथेला 2 गुण आणि डोक्यावर बसलेल्या लाथेला 3 गुण, हे गणित कोणालाही कळते. एकट्याने, समोर प्रतिस्पर्धी नसताना, ठरलेल्या क्रमाने पावले टाकत केलेला पुमसे हे त्यामानाने शोभेचे काम वाटते. मुलीच्या वडिलांचेही मत तसेच होते, आणि ते मत अडाणीपणाचे म्हणून झटकून टाकण्यासारखे नाही. दहावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण स्पर्धेतील कामगिरीवर मिळतात, बेल्टच्या रंगावर मिळत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते.

रांगेत लपलेली अडचण

प्रश्न उघडा पडला तो एका सराव परीक्षेत. प्रशिक्षकांनी आधी सगळ्या वर्गाकडून मोजणीवर सा जांग करून घेतला. हाना, दुल, सेत, नेत असे आकडे पडत गेले आणि ती मुलगी रांगेत इतरांइतकीच, किंबहुना इतरांपेक्षा ठसठशीतपणे, शेवटपर्यंत पोहोचली. त्यानंतर यादीतील मुलांना परीक्षेत बोलावतात तसे दोघादोघांनी पुढे बोलावण्यात आले. तिच्या शेजारी उभा राहिलेला मुलगा यलो बेल्टचा होता आणि त्याला तेगुक ई जांग, म्हणजे मालिकेतील दुसरा पुमसे, करायचा होता. म्हणजे दोघे एकाच वेळी सुरुवात करणार, पण दोघांच्या हालचाली वेगळ्या असणार.

सा जांगच्या 20 हालचालींपैकी पहिल्या आठ तिने स्वच्छ केल्या. डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही हातांच्या कडांनी अडवणे व बोटांच्या टोकांनी पुढे भोसकणे, मग मधल्या रेषेवरून पुढे जात मानेवर हाताच्या कडेचा वार, समोरची लाथ व गुद्दा, त्यानंतर दोन्ही पायांनी आळीपाळीने बाजूची लाथ, आणि सरतेशेवटी पुन्हा हातांच्या कडांचा बचाव. येथून पुमसे वळतो. त्या वळणावर ती थांबली, तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिले, आणि शेजारच्या मुलाचा ई जांगमधला बचाव स्वतःच करून मोकळी झाली. बघणारी मुले हसली. ती पुन्हा सुरुवातीच्या जागी गेली, पुन्हा तेथवर आली आणि पुन्हा अडली.

प्रशिक्षकांचा पहिला अंदाज घाबरण्याचा होता. मला तो पटला नाही. जिल्ह्याच्या मैदानावर अनोळखी मुलीच्या अंगावर चालून जाणारी मुलगी आपल्याच वर्गातील वीस-पंचवीस मुलांसमोर घाबरते, हे मानणे कठीण होते. म्हणून नंतरच्या तासाला आम्ही तिच्याकडे न पाहता रांगांकडे पाहिले. तायक्वांदोच्या वर्गात वरच्या बेल्टची मुले पुढे उभी राहतात, ही रीतच आहे. पण या वर्गात पुमसेच्या वेळी शेवटच्या रांगेतही दोन पक्की मुले उभी केलेली होती. त्यामागे चांगला विचार होता. तेगुक पुमसेत खेळाडू मधल्या रेषेवरून पुढे जातो आणि त्याच रेषेने परत येतो. वर्ग पाठमोरा झाला की शेवटची रांग सर्वांत पुढे येते, आणि तेथेही कोणीतरी चुकत नसेल तर नवशिक्यांची घडी विस्कटत नाही. आमची विद्यार्थिनी कायम मधल्या रांगेत उभी असे. जाताना पहिली रांग तिच्यापुढे असे आणि परतताना शेवटची. कोणत्याही क्षणी तिच्या डोळ्यांसमोर बरोबर करणारा कोणीतरी असेच. भजनी मंडळात टाळांच्या गजरात सगळे अभंग म्हणणाऱ्या माणसाला एकदा चाल धरायला सांगावी आणि दुसऱ्या कडव्याला त्याच्या लक्षात यावे की आपल्याला शब्द येतच नाहीत, तसे तिचे झाले होते.

तिने कधीही कोणाला फसवले नव्हते, हे येथे नोंदवले पाहिजे. आपल्याला सा जांग येतो, असे तिला प्रामाणिकपणे वाटत होते, आणि वर्गाची मांडणीच अशी होती की तसे न वाटण्याचे कोणतेही कारण तिला मिळू नये.

लढतीचे पाय

दुसरी अडचण तिच्या बलस्थानातूनच आलेली होती. क्योरुगीत ती सतत पायांच्या चवड्यांवर उड्या घेत, वजन दोन्ही पायांवर सारखे ठेवून उभी राहायची. सा जांगच्या सुरुवातीला मात्र द्वितकुबी ही मागच्या पायावर बसण्याची उभी राहणी लागते, ज्यात टाचा एका रेषेत, पावले काटकोनात आणि शरीराचे सुमारे 60 ते 70 टक्के वजन मागच्या पायावर असते. तिची द्वितकुबी उंच राही आणि वजन पुढे सरके. लढतीत ही सवय फायद्याची आहे. पुमसेत ती दुरून दिसणारी चूक आहे.

याहून मनोरंजक चूक वळणानंतरच्या भागात होती. तेथे डावीकडे आणि नंतर उजवीकडे, हाताच्या बाहेरच्या अंगाने अडवल्यावर मागच्या पायाने समोर लाथ मारायची असते आणि ती लाथ मारलेला पाय पुढे न टेकवता जेथून निघाला तेथेच परत आणून, द्वितकुबीत बसून आतल्या बाजूला बचाव करायचा असतो. लढणाऱ्या मुलाला हे शरीराविरुद्ध वाटते. लाथ मारली की अंतर कापायचे, पाय पुढे टाकायचा, दुसरी लाथ तयार ठेवायची, हेच त्याच्या अंगवळणी पडलेले असते. ती पाय पुढेच टेकवत असे. रांगेत हे फारसे दिसत नव्हते, कारण पुढच्या हालचालीला ती पटकन एक पाऊल सरकून इतरांशी जुळवून घ्यायची. मैदानावर खडूने सुरुवातीची जागा आखल्यावर मात्र खरे दिसले. तेगुक पुमसे जेथे सुरू होतो तेथेच संपायला हवा, आणि ती प्रत्येक वेळी खुणेपासून चांगलीच बाजूला जाऊन संपवत होती. मला तरी खडूची ती खूण कोणत्याही सूचनेपेक्षा उपयोगी वाटली, कारण मुलीला स्वतःची चूक दुसऱ्या कोणी न सांगता कळत होती.

बसवावे की थांबवावे

प्रशिक्षकांपुढे दोन सरळ मार्ग होते. तिला थांबवले तर पुढची परीक्षा दिवाळीच्या सुमारास होती. बसवले तर, या परीक्षांमध्ये सहसा होते तसे, परीक्षकांनी तिची लढत पाहून पुमसेकडे थोडे दुर्लक्ष केले असते आणि ती उत्तीर्ण झाली असती.

या निर्णयात पैसा नव्हता असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परीक्षेची फी हे लहान गावातील प्रशिक्षकाच्या उत्पन्नाचे एक साधन असते, कारण मासिक फी तो फार वाढवू शकत नाही. एका मुलाला थांबवले की ती फी जाते, आणि पालक दुखावले तर ते मूल शेजारच्या कराटेच्या वर्गात जाते. म्हणून बरेच वर्ग यादीतील सर्वांनाच बसवतात आणि बहुतेक सगळे उत्तीर्ण होतात. यामागे नेहमी लोभच असतो असे मी म्हणणार नाही. खेड्यातून एसटीने येणारी मुलगी नाउमेद होऊन खेळ सोडेल, ही भीतीही खरी असते, आणि मुलींच्या बाबतीत खेळ एकदा सुटला की तो परत सुरू होत नाही, हे आम्ही दोघांनी पुरेसे पाहिले आहे.

वडिलांना बोलावले तेव्हा ते सरळ म्हणाले, "सर, पोरगी जिल्ह्यात पहिली येते आणि तुम्ही तिला थांबवायचं म्हणता? मग बाकीच्यांना कसं बसवता?" प्रश्न रास्त होता. प्रशिक्षक म्हणाले, "भाऊ, बाकीच्यांनाही मी आता तसंच तपासणार आहे." हे उत्तर त्यांनी आधी ठरवलेले नव्हते, बोलण्याच्या ओघात ते त्यांच्या तोंडून निघाले आणि मग त्यांना ते पाळावे लागले.

शेवटी असे ठरले की परीक्षेच्या दहा दिवस आधी एक पूर्वचाचणी घ्यायची. तीत एकट्याने, मोजणी नसताना, मैदानाच्या अनोळखी दिशेला तोंड करून सा जांग पूर्ण झाला तर तिला बसवायचे, नाहीतर दिवाळीपर्यंत थांबवायचे. ही अट मुलीला आणि वडिलांना एकाच वेळी, एकाच शब्दांत सांगण्यात आली. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचे पाऊल हेच होते, कारण त्यामुळे निर्णय प्रशिक्षकांच्या मर्जीवर राहिला नाही.

तयारी

एप्रिलमध्ये खानदेशात संध्याकाळी साडेपाचलाही मैदान तापलेले असते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 42-43 अंशांच्या पुढे जाणे ही तेव्हा बातमी राहत नाही. वर्ग पहाटे सहाला हलवला गेला. त्यातच शाळेची वार्षिक परीक्षा होती, म्हणून तिला रोजचा तास मिळत नव्हता, आणि जो मिळत होता त्यात नेमके काय करायचे हे काटेकोरपणे निवडावे लागले.

पहिला बदल असा की पुमसे शेवटाकडून शिकवायला घेतला. आधी फक्त शेवटच्या दोन हालचाली, ज्यांत बचाव करून दोन गुद्दे आणि अखेरच्या गुद्द्यावर किहाप, म्हणजे ती मोठ्याने दिलेली आरोळी. मग त्याआधीच्या चार, मग त्याआधीचे वळण. अशाने मुलगी जसजशी पुढे जाते तसतशी ती अधिक ओळखीच्या भागात शिरते, आणि अडण्याची भीती उलट कमी होत जाते. वळणाचा भाग तिच्याकडून इतक्या वेळा करून घेतला गेला की तो तिला कंटाळवाणा वाटू लागला, आणि प्रशिक्षकांना नेमके तेच हवे होते.

दुसरा बदल रांगेचा. तिला शेवटच्या रांगेत उभे केले, म्हणजे परतीच्या वाटेवर तिच्यापुढे कोणी नाही. पहिल्या दिवशी तिच्यामागे वळलेली अर्धी रांग तिच्याबरोबर चुकली, कारण आता तेही तिच्याकडे पाहत होते. तेव्हा कळले की ही अडचण एकटीची नव्हती.

तिसरा बदल दिशेचा होता. वर्ग नेहमी शाळेच्या फाटकाकडे तोंड करून उभा राहत असे, आणि मुलांना वळणे हालचालींनी कमी व फाटक, कडुनिंब, पाण्याची टाकी अशा खुणांनी अधिक लक्षात राहत. दिशा रोज बदलल्यावर सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ झाला.

प्रशिक्षकांनी आणखी एक प्रयोग केला, ज्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. हालचालींची नावे तोंडाने म्हणत म्हणत, न थांबता, केवळ चालत पुमसे पूर्ण करायचा. मुलीने ती नावे दोन दिवसांत पाठ केली आणि घडाघडा म्हणू लागली; पण पाय पुन्हा त्याच वळणावर अडत होते. तोंडी परीक्षेला त्याचा उपयोग झाला, पुमसेला नाही.

क्योरुगीचा सराव थांबवला नाही, पण पुमसेच्या लगेच आधी तो होणार नाही एवढी काळजी घेतली, कारण लढतीनंतर तिची उभी राहणी हमखास उंच होत असे. गुडघ्याच्या वाटीखाली तिला दुखत होते. वाढीच्या वयात, विशेषतः उड्या आणि लाथा असलेल्या खेळांत, हे दुखणे अनेक मुलांना होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने उड्यांचा भाग काही दिवस कमी केला आणि दुखणे आटोक्यात राहिले.

मध्येच आखाजी आली. खानदेशात अक्षय तृतीयेचा हा सण माहेरवाशिणींचा. मुलीची आई दरवर्षी आठवडाभर पारोळा तालुक्यातील आपल्या माहेरी जाते आणि मुलीलाही घेऊन जाते. तो आठवडा पूर्वचाचणीच्या अगदी तोंडावर येत होता. प्रशिक्षक चिंतेत पडले, तिला एकटीला मागे ठेवता येईल का, असेही त्यांनी सुचवून पाहिले. पण आखाजीला मुलीला मामाकडे पाठवू नका म्हणणे कोणत्याही खानदेशी घराला पटण्यासारखे नव्हते, आणि ते पटू नये हेच बरे. झाले असे की त्या आठवड्यात तिची तयारी वर्गात झाली असती त्याहून चांगली झाली. पिके निघून गेल्याने मामाचे खळे रिकामे होते, जमीन चोपून सपाट केलेली होती, आणि तेथे फाटक, कडुनिंब, रांग, मोजणी यांतले काहीच नव्हते. झोक्यावरून उतरून आलेल्या मामेबहिणी आणि शेजारची मुले रोज बघायला जमत. आजीने पहिल्या दिवशी विचारले, "एकलीच काय नाची ऱ्हायनी व माय?" तिने नाचत नसल्याचे समजावून सांगितले, आणि मग सगळ्यांसमोर शेवटची आरोळी द्यायला ती आधी लाजली, नंतर लाजली नाही. परीक्षेच्या सभागृहात अनोळखी लोकांसमोर किहाप देण्याचा सराव यापेक्षा चांगला झाला नसता.

पूर्वचाचणी घेताना प्रशिक्षकांनी पुमसे स्पर्धांतील अचूकतेची पद्धत वापरली, जीत 10 पैकी 4 गुण अचूकतेचे असतात आणि लहान चुकीला 0.1 तर मोठ्या चुकीला 0.3 वजा होतात. तिने सा जांग न थांबता पूर्ण केला. दोन ठिकाणी द्वितकुबी उंच राहिली, एका बचावाचा हात थोडा खाली आला. पण पाय जागेवर परत आला आणि ती खडूच्या खुणेजवळ संपवू शकली. तिचे नाव यादीत गेले. मोजणीविना अडलेल्या दोन मुलांना मात्र प्रशिक्षकांनी सावरायला वेळ दिला, पण यादीतून काढले नाही. आपल्याच शब्दाला त्यांनी तेथे मुरड घातली.

परीक्षेचा दिवस

परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, तापी ओलांडून जळगावला, एका शाळेच्या सभागृहात होती. परीक्षक बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले होते. सकाळी सातला सुरू होणारा कार्यक्रम नेहमीप्रमाणे लांबला आणि तिचा क्रमांक अकराच्या पुढे लागला. तोपर्यंत पंख्यांनी गरम हवाच फिरत होती. तिने केळी खाल्ली होती आणि पाणी थोडे थोडे पीत राहिली होती. काही मुलांनी बेल्ट परीक्षेच्या आधी पाणी प्यायचे नाही, हा कोठून तरी ऐकलेला समज पाळला होता आणि त्यातला एक मुलगा चक्कर येऊन खाली बसला. या समजाला कसलाही आधार नाही, आणि खानदेशातील मे महिन्यात तो धोकादायक आहे.

मूळ लाथा आणि जोडीची कवायत उत्तम झाली. सा जांगमध्ये वळणाच्या ठिकाणी ती क्षणभर रेंगाळली, पण शेजारी न पाहता पुढे गेली. परतीची रेषा सरळ राहिली आणि शेवटची आरोळी सभागृहाच्या टोकापर्यंत ऐकू आली. वडील प्रेक्षकांत होते; त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

त्यानंतर परीक्षकांनी तिला तेगुक साम जांग करायला सांगितले.

साम जांग हा तिचा आधीच्या परीक्षेचा पुमसे. त्याची सुरुवातच अशी आहे की डावीकडे खालचा बचाव, मग मागच्या पायाने समोर लाथ, तो पाय पुढे टेकवून लांब पवित्र्यात दोन गुद्दे. तिने लाथ मारली आणि पाय मागे आणला. दोन गुद्द्यांसाठी पुढे जागाच उरली नाही. ती गोंधळली, परवानगी घेऊन पुन्हा सुरुवात केली, आणि पाय पुन्हा मागे गेला. सहा आठवडे ज्या सवयीसाठी खपलो तीच सवय आता नको त्या ठिकाणी आली होती. साम जांग तिने या काळात जवळजवळ केलाच नव्हता, कारण तो येतो असे सर्वांनी गृहीत धरले होते. ती कशीबशी शेवटपर्यंत गेली. क्योरुगीत ती तिच्या गटातील सगळ्यांपेक्षा सरस ठरली, पण तोवर निर्णय झालेला होता.

निकाल असा लागला की बाकी सर्व भागांत ती उत्तीर्ण आहे, परंतु ब्लू बेल्ट लगेच द्यायचा नाही; महिनाभरात तिने आपल्याच वर्गात, प्रशिक्षक आणि एका वरिष्ठ ब्लॅक बेल्टसमोर साम जांग पुन्हा करून दाखवावा. वडील नाराज झाले. त्यांचे म्हणणे असे की जुन्या बेल्टचा पुमसे विचारून पोरीला अडवणे हा अन्याय आहे. मला परीक्षकांचा निर्णय योग्य वाटला. प्रत्येक बेल्ट आधीच्या बेल्टांवर उभा असतो, सूचनापत्रात अट लिहिलेली होती, आणि तिची लढत पाहून पुमसेकडे काणाडोळा करण्याचा सोपा मार्ग परीक्षकांनी घेतला नाही. परीक्षकाने वाईटपणा घेतला नाही तर तो प्रशिक्षकाला घ्यावा लागतो, आणि लहान गावात प्रशिक्षकाला तो झेपत नाही.

त्यानंतर

परतीच्या प्रवासात मुलगी रडली नाही, पण एक गोष्ट तिने तीन-चार वेळा सांगितली : "सर, मी ठरवलं होतं पुढे टेकवायचा, पाय आपोआप मागे गेला." प्रशिक्षकांना पुढच्या सरावासाठी याहून चांगली माहिती मिळाली नसती. आता साम जांग आणि सा जांग वेगवेगळे न शिकवता लाथेचा तोच क्षण दोन्हींतून काढून घेतला. ती लाथ मारायला पाय उचलते तोच प्रशिक्षक "साम" किंवा "सा" म्हणत, आणि त्याप्रमाणे तिने पाय पुढे टेकवायचा किंवा मागे आणायचा. सुरुवातीला ती निम्म्या वेळा चुकली, आठवड्याच्या आतच चुकणे जवळजवळ थांबले. पाय हवेत असताना निवड करावी लागत असल्याने दोन सवयी एकमेकींत मिसळणे बंद झाले, असे मला वाटते. महिना संपण्याआधी तिने साम जांग दाखवला आणि जूनमध्ये, शाळा उघडल्यावर, तिला ब्लू बेल्ट मिळाला.

वर्गात बदल झाले ते पूर्ण नाहीत. रांगा रोज फिरवून पाहिल्या तेव्हा यलो बेल्टची लहान मुले इतकी गोंधळली की त्यांच्या पालकांनी तक्रार केली, आणि ती तक्रार खरी होती. नवशिक्याला समोर कोणीतरी हवेच असते. आता रांगा फक्त शनिवारी फिरतात आणि ग्रीनपासून वरच्या बेल्टसाठीच फिरतात. त्यातच एक अनपेक्षित गोष्ट कळली. पहिल्या रांगेत कायम उभा राहणारा, ज्याच्याकडे पाहून निम्मा वर्ग पुमसे करत असे, तो रेड बेल्टचा मुलगा मोजणी बंद केली की लय हरवतो. आकडा पडेपर्यंत तो हालचाल सुरूच करत नाही. त्याच्यापुढे कोणी उभे नसे, पण प्रशिक्षकांचा आवाज असे.

दिवाळीच्या परीक्षेसाठी प्रशिक्षकांनी एकट्याने, मोजणीविना आणि मागील दोन पुमसेंसह पूर्वचाचणी सर्वांना सक्तीची केली. तीत अडलेल्या तिघांना त्यांनी या खेपेला यादीतून खरोखरच वगळले. त्यांतल्या एकाच्या पालकांनी मुलाचे नाव वर्गातून काढून घेतले. उरलेल्या दोघांत तो रेड बेल्टचा मुलगा आहे. तो अजूनही येतो, आणि शनिवारी मधल्या रांगेत उभा राहतो.